माझ्या फोटोखालची ओळ

माझ्या फोटोखाली ‘दहावी उत्तीर्ण’ असं छापून आलं होतं. मी नववीची सहामाही दिली, त्यानंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही.

पुस्तिका देखणी होती. गुळगुळीत कागद, एका बाजूला जपानहून येणारी आठ मुलंमुली, दुसऱ्या बाजूला आपल्याकडची आठ. प्रत्येकाचा फोटो आणि खाली वय, शिक्षण, काम. दोन देशांतल्या तरुणांनी दहा दिवस एकमेकांच्या घरी राहायचं, एकमेकांचं काम बघायचं आणि नेतृत्व शिकायचं, असा तो कार्यक्रम होता. आधी ते इकडे येणार, मग उन्हाळ्यात आपले आठ तिकडे जाणार. आठांत चार कॉलेजातले आणि चार कामगार हवेत, असा नियम. आणि शिक्षण कमीत कमी दहावी, हाही नियम.

माझं नाव कंपनीतल्या एचआरच्या मॅडमनी दिलं. फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यापाशी माझं पेन अडलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ते राहू दे कोरं, मी बघते. मी कोरं ठेवलं. छापून आल्यावर धावतच त्यांच्याकडे गेले, तर त्या हसल्या. म्हणाल्या, अगं, तुझ्या हाताखाली दहावीवाल्या, बारावीवाल्या पोरी काम शिकल्या. कोण विचारतंय? जाऊन ये. मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. पण त्या दिवसापासून कुणी पुस्तिका उघडली की वाटायचं, आता माझं पान आलं.

तोवर उशीरही झाला होता. भावाने गावाकडे फोन करून सांगितलं होतं आणि आईने निम्म्या गावाला. लेक विमानात बसणार म्हणून.

माझं गाव परभणी जिल्ह्यात. भोसरीला मी आले ती सुट्टीपुरती. वहिनीचे दिवस भरत आले होते, तिच्या माहेरी करणारं कुणी नव्हतं, आईला गुरं सोडून येता येईना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मला धाडलं. भाऊ भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, अजून आहे. भाची झाली, तिला तेल लावता लावता शाळा उघडली, पुढल्या सोमवारी सोडून येतो म्हणता म्हणता सोमवार सरले. मला शाळेतून कुणी काढलं नाही. कुणी नको म्हणालं नाही. ते नुसतं राहून गेलं. भाची आता पाचवीत आहे, म्हणजे किती वर्षं झाली ते मोजायला मला कॅलेंडर लागत नाही.

अठरा पुरी झाल्यावर चाकणच्या कंपनीत लागले. गाडीच्या पोटात तारांचं जे जाळं असतं त्याला हार्नेस म्हणतात, ते आम्ही बायका बनवतो. उभ्या फळीवर नकाशा काढलेला असतो, त्यावरून रंगारंगाच्या तारा नेऊन टोकं कनेक्टरमध्ये बसवायची आणि वरून टेप गुंडाळायची. पहाटे भोसरीतून कंपनीची बस निघते. खिडकीशी डोकं टेकवून अर्ध्या बायका झोपलेल्या, अर्ध्या फोनवर घरच्यांना उठवणाऱ्या. माझं आयुष्य इतकंच होतं आणि ते वाईट नव्हतं.

पाहुणे आले. माझ्या वाट्याला जी मुलगी आली तिच्या फोटोखाली लिहिलं होतं, गणिताची शिक्षिका होण्यासाठी शिकत आहे. मी मनात म्हटलं, झालं. सोळा जणांत एक मास्तरीण, आणि तीच माझ्या घरी.

आमच्या दोन खोल्या. वहिनीने कॉट तिला दिली, तर ही खाली आमच्याशेजारी येऊन झोपली, कारण सगळे खाली होते. बोलणं फोनवर चालायचं. ती फोनमध्ये बोलायची आणि फोन मराठीत सांगायचा, जरा पुस्तकी, वर्तमानपत्र वाचल्यासारखं. सकाळी उठून बघते तर गॅलरीतल्या चारही बिऱ्हाडांच्या चपला तिने जोडीने लावून ठेवलेल्या, टाचा भिंतीकडे, म्हणजे पाय घातला की सरळ चालू लागायचं. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“बया, ही तर चपलांची पण परेड घ्यायलीय.”

भाऊ म्हणाला, शीक तिच्याकडून काहीतरी. वहिनी म्हणाली, तुमच्याच दाराबाहेर फेकलेल्या होत्या, तुम्ही शिका. आणि ती मुलगी काही न समजता दोघांकडे बघून मान झुकवत होती.

कार्यक्रमाची रीत अशी होती की रोज आपल्यातला एक जण लीडर. त्याच्या दंडाला पिवळी पट्टी बांधायची, दिवसभर सगळे त्याच्या मागे. संध्याकाळी संत तुकाराम नगरातल्या एका सभागृहात गोल करून बसायचं, आणि सगळ्यांत आधी लीडरने उभं राहून आपली त्या दिवशीची चूक सांगायची. ही त्यांच्याकडची पद्धत. मला पहिल्या दिवशी हे ऐकून नवलच वाटलं. आमच्या लाइनवर चूक सांगायला सुपरवायझर असतो. आपली आपणच सांगायला लागलो तर त्याने करायचं काय? पण कॉलेजातला एक मुलगा उठला, बस अकरा मिनिटं उशिरा सुटली, मी ड्रायव्हरला आदल्या दिवशी फोन करायला हवा होता, म्हणाला. त्यांच्यासोबत आलेल्या वयस्कर बाईंनी वहीत लिहून घेतलं, आभार मानले, पट्टी पुढच्या दिवसाच्या लीडरकडे गेली. कुणी हसलं नाही. कुणी रागावलं नाही. चूक सांगून माणूस खाली बसतो आणि तितकाच उंच राहतो, हे मी आधी कुठे पाहिलंच नव्हतं.

माझी पाळी मंगळवारी आली. माझ्याच कंपनीत सगळ्यांना न्यायचं होतं.

मला सगळ्यांपुढे बोलायची सवय नव्हती. पण फळीपुढे उभी राहिले आणि तोंड आपोआप सुटलं. टोक ढकलायचं, टिक झालं का बघायचं, मग उलटं ओढून बघायचं. ढकल, टिक, ओढ. ओढल्यावर निघालं तर ते बसलेलंच नव्हतं. एका पाहुण्याने विचारलं, एवढ्या आवाजात टिक ऐकू कसं येतं? मी म्हटलं, कानाला येत नाही, बोटाला येतं. दुभाष्याचं काम करणारी मुलगी ते त्यांच्या भाषेत बोलली, आणि आठच्या आठ जणांनी वह्या काढून लिहिलं. मी बघतच राहिले. माझं बोलणं कुणी लिहून घेण्याची ही पहिली वेळ होती. मग त्यांनी एकेकाने फळीवर करून पाहिलं, डोळे मिटून, बोटाला टिक लागेपर्यंत. लागलं की चेहरा असा उजळायचा की माझ्या लाइनच्या पोरी काम विसरून बघत होत्या. जे काम मी रोज दिवसभर करते ते एवढं बघण्यासारखं आहे, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर कळलं.

दुपारचं जेवण कंपनीच्या ट्रेनिंगच्या हॉलमध्ये होतं. कॅन्टीनचं नको म्हणून माझ्या लाइनच्या सहा जणींनी घरून करून आणलं होतं. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, दही, आणि ठेचा बाजूला, लांब. पाहुणे एका रांगेत बसले, समोर आपले सात जण. मी आणि त्या सहा जणी वाढायला.

वाढून झालं. मी म्हटलं, घ्या. कुणी हात लावला नाही.

मला वाटलं, तिखटाला घाबरले. ठेचा उचलून पार खिडकीत नेऊन ठेवला. तरी नाही. दही वाढलं. मग गूळ आणला. भाकरीवर तूप घातलं. ताटं भरत चालली आणि माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली, माझ्याकडे बघत, हसतमुख. आपले सात जणही थांबलेले, कारण पाहुण्यांनी सुरू केल्याशिवाय आपण कसं करायचं? माझी मैत्रीण माझ्या कानाशी आली. म्हणाली, यांचा आज उपास तर नाही ना गं? दुसरी म्हणाली, माझ्या भाकरी पार वातड झाल्या, बाई. दुभाषी मुलगी बसवाल्याशी फोनवर बोलायला बाहेर गेलेली. मी परत पिठलं घेऊन निघाले, तेव्हा माझ्या घरी राहणारी ती मुलगी उठली, आपल्या शेजारची सतरंजी हाताने सारखी केली आणि वहिनीकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली,

“ताई, बसा.”

मी म्हटलं, तुमचं होऊ द्या, मी मागून बसते. ती उभीच. तेवढ्यात दुभाषी मुलगी आत आली, एक नजर टाकली आणि डोक्याला हात लावला. अगं ताई, म्हणाली, त्यांच्यात लीडर बसून सुरुवात करतो, मगच बाकीचे घास घेतात. ते तुझ्यासाठी थांबलेत.

घरात पाहुणा जेवल्याशिवाय वाढणारी बसत नाही. आई बसली नाही, वहिनी बसत नाही, मी तर वाढायला म्हणूनच भोसरीला आले होते. मी त्यांचं संपायची वाट बघत होते, ते माझ्या बसण्याची, आपले सात त्यांची. पंधरा माणसं आणि भाकरी गार. सगळ्यांना उमगल्यावर हॉलमध्ये जे हसू फुटलं ते लाइनपर्यंत गेलं असेल. मी बसले. कुणीतरी माझं ताट वाढलं, कुणी ते मी बघितलं नाही. सगळ्यांनी हात जोडून जेवणाआधीचा त्यांच्याकडचा शब्द म्हटला, आणि मग पंधरा जण माझ्या हाताकडे बघत थांबले. मी भाकरी मोडली. पहिला घास माझा.

पण ते ज्या मुलीसाठी थांबले होते ती पुस्तिकेतली होती.

संध्याकाळी गोल बसला. कंपनीला भेट होती म्हणून आमच्या मॅडमही आल्या होत्या, मागच्या खुर्चीवर. आपल्या बाजूने कार्यक्रम सांभाळणारे सर माझ्या समोर. सर भोसरीच्या जुन्या गावकीतले. शेतं जाऊन तिथे कंपन्या उभ्या राहिल्या, पण बोलणं अजून बांधावरचंच. माझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर आधीच हसू होतं. जेवणाचंच सांगणार, म्हणून.

मी उभी राहिले. मला तिकडे जायचं होतं. हे लिहायला हवं, कारण नंतर लोक म्हणाले की तुला त्याचं काही वाटलंच नसेल. मला वाटत होतं. मी विमानाच्या खिडकीची जागासुद्धा ठरवली होती. तरी तोंडातून निघालं ते असं:

“माझं शिक्षण नववी. तेही अर्धं. पुस्तिकेत दहावी लिहिलंय, ते खरं नाही.”

आपल्या बाजूचे चेहरे आधी बदलले. समोरची आठ माणसं अजून हसतच होती, कारण त्यांना अजून कळायचं होतं. दुभाषी मुलगी माझ्याकडे बघत राहिली, खरंच सांगू का, असं. मी मान हलवली. मग तिने हळू आवाजात सांगितलं आणि मी तेच खरं पुन्हा एकदा, एकेका चेहऱ्यावर पोचताना पाहिलं. त्या दोन मिनिटांसारखी लांब शिफ्ट मी केलेली नाही.

वयस्कर बाईंनी विचारलं, तो रकाना कुणी भरला?

मी म्हटलं, मी कोरा ठेवला. कोरा ठेवल्यावर काय होणार ते मला माहीत होतं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅडम उभ्या होत्या. कंपनीत त्या आल्या की आम्ही उभ्या राहतो. त्यांना असं, ओढणीचं टोक मुठीत धरून उभं राहिलेलं, मी कधी पाहिलं नव्हतं.

“मी भरला,” त्या म्हणाल्या. “तिने कोराच दिला होता. छापून झाल्यावरही येऊन सांगितलं होतं.”

त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. त्यांची नोकरी होती, वर साहेब होते. मी माझी गोष्ट सांगितली, कारण ती मला सोसवत नव्हती. त्यांना तर तसं काहीच होत नव्हतं. तरी त्या उठल्या.

बाईंनी आम्हा दोघींचंही वहीत लिहिलं. मग बस उशिरा सुटल्याचे मानले होते तसेच, तेवढेच आभार मानले आणि पट्टी पुढच्या माणसाला द्यायला सांगितली. माझ्या हातून गाठ सुटेना. शेजारच्या मुलाने सोडली.

बुधवारी सरांनी बोलावलं. समोर बसवलं, चहा मागवला, आणि बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

“जाणं न्हाई व्हायचं, पोरी. नियम हाय. मी दोन फोन केले, पर न्हाई.”

मी म्हटलं, बरोबर आहे, सर. मग भीत भीत विचारलं, आता ती पाहुणी दुसऱ्या घरी द्यायची का?

“का? तुझ्या घरच्या भाकरी संपल्या व्हय?” सर म्हणाले. “दहा दिस म्हंजी दहा दिस. पुरे कर.”

मॅडमचं काय होणार तेही विचारलं. त्यांच्या साहेबांशी मी बोलतो, म्हणाले, आणि बोलले असावेत, कारण मॅडम अजून तिथेच आहेत.

भोसरीच्या बसमध्ये मी तोंडावर ओढणी घेऊन रडले. विमानासाठी कमी, आईला काय सांगायचं यासाठी जास्त. घरी पोचायच्या आधीच फोन लावला, म्हटलं एकदाचं होऊन जाऊ दे. आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, “बरं झालं माय. मला तर त्या विमानाचं भ्याच वाटायलं होतं.” निम्म्या गावाला सांगून बसलेली बाई. आता त्या निम्म्या गावाला ती काय सांगणार होती, ते मी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

ते सात जण उन्हाळ्यात जाऊन आले. ते निघाले त्या दिवशी मी शिफ्टवर होते. पुढे मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले, त्याच्या गमतीजमती वेगळ्या. मला सांगायचंय ते त्या गुरुवारचं.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून भाऊ घरी. वहिनी उंबऱ्यापुढे रांगोळी काढून उठली होती. पाहुणी दोन दिवस माझ्याशी नेहमीसारखीच वागत होती, आणि ते मला जास्त लागत होतं. त्या सकाळी ती चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी गॅलरीत बसली, फोनमध्ये काहीतरी बोलली, आणि फोन त्याच्या वर्तमानपत्री मराठीत म्हणाला, “शाळेतील आपला शेवटचा धडा कोणता होता?”

मला वाटलं होतं ती विचारेल का सोडली, कुणी सोडायला लावली. आजवर सगळ्यांनी तेच विचारलं. शेवटचा धडा कुणी विचारला नव्हता, आणि गंमत म्हणजे तो मला लख्ख आठवत होता. भूमिती. त्रिकोण. मी हवेत बोटाने त्रिकोण काढला.

तिचे डोळे असे चमकले, जणू मी कुणा ओळखीच्याचं नाव घेतलं. तिने तीन बोटं दाखवली, मग चौथं वर केलं. तीननंतर चार. वहिनीच्या डब्यातली रांगोळी चिमटीत घेतली आणि फरशीवर एक चौकोन काढला, अगदी नवशिक्या हाताने, वाकडातिकडा. वहिनी आतून बघून म्हणाली, शिकवा तिला कुणीतरी. मग तिने दोरा मागितला. एका बाजूवर ताणला, दुमडला, जिथे मध्य आला तिथे ठिपका दिला. चारही बाजूंना तसंच. चार ठिपके जोडले. आतली आकृती सरळ आली. समोरासमोरच्या बाजू एकमेकींसारख्या, जशा रुळाच्या दोन पट्ट्या.

मी म्हटलं, हा चौकोनच तसा असेल. तिला शब्द कळले नाहीत, पण म्हणणं कळलं. तिने डबा माझ्यापुढे केला.

मी काढला, मुद्दाम वाकडा. एक बाजू आखूड, एक लांबलचक. दोरा, ठिपके, रेघा. आत सरळ आली. आणखी एक काढला, एक कोपरा पार आत खचलेला, ज्याला चौकोन म्हणायलाही जीभ रेटणार नाही. ती हसली, मान हलवली, कर म्हणाली. त्यातही आली. हे पुढच्याच पानांवर होतं. मी सुट्टीवर आले नसते तर दिवाळीनंतरच्या कुठल्याशा सोमवारी हे माझ्या वहीत आलं असतं, आणि एवढी वर्षं हे असंच खरं राहिलं होतं, मला माहीत नसतानाही.

भाऊ मागे येऊन उभा होता, दात घासत. लेथवरचा माणूस, डोळ्यांनी बघितलेलं मानत नाही. आत जाऊन कामाच्या पिशवीतली स्टीलची पट्टी घेऊन आला आणि उकिडवा बसून समोरासमोरच्या बाजू मोजू लागला. एक झाली, दुसरी झाली.

“हे सगळ्यालाच होतंय का?” म्हणाला.

मी त्या मुलीकडे बघितलं. तिने मान हलवली, सगळ्याला.

“कामून?”

का, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. त्याने तिसरा मोजला, अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला, त्याचं खापर त्याने माझ्या रांगोळीच्या जाडीवर फोडलं. मग उठला, चूळ भरली, परत आला, आणि पट्टी माझ्या हातात देत म्हणाला, काढ अजून एक, वाकड्यात वाकडा, आणि आता तूच मोज.